सर्व्हर नंबर एक की दोन?

गिटलॅब डॉट कॉम ज्यांनी कधी उघडलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जगभरचे प्रोग्रामर आपला कोड, त्यावरच्या चर्चा आणि चुकांच्या नोंदी या साइटवर ठेवतात. हा प्रकल्प २०११ मध्ये युक्रेनच्या दिमित्री झापोरोझेत्स यांनी सुरू केला. तो रुबी ऑन रेल्समध्ये लिहिलेला आहे, माहिती पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये असते आणि खुद्द कोडच्या गिट रिपॉझिटरी वेगळ्या फाइल सर्व्हरवर असतात. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवा, पुढे त्यानेच बऱ्याच जणांची लाज राखली.

गिटलॅबचं वैशिष्ट्य असं की हा सगळा डोलारा एका पॅकेजमधून कुणालाही आपल्या मशीनवर उभा करता येतो. वेब सर्व्हर, मागे चालणारी कामं, रेडिस, पोस्टग्रेस, सगळं एकाच पुडक्यात येतं. एका मशीनवर ते चालतं आणि छान चालतं. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री जे घडलं त्याचं मूळ मला या 'एका मशीनवर'मध्येच दिसतं.

खालच्या वेळा जागतिक प्रमाणवेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या आहेत. आपल्या घड्याळासाठी साडेपाच तास मिळवावेत. कंपनीने त्या रात्री लिहीत ठेवलेल्या कच्च्या नोंदी आणि १० फेब्रुवारीला काढलेला सविस्तर अहवाल यांत काही वेळा तासाभराने पुढेमागे आहेत. आग लागलेली असताना घड्याळाकडे कोण बघतो? मी मुख्यतः अहवालाच्या वेळा धरल्या आहेत.

साधारण वर्षभर आधी

प्रॉडक्शनच्या, म्हणजे खऱ्या साइटच्या, डेटाबेसमध्ये एका सेटिंगचा आकडा ठरतो. पोस्टग्रेसने एका वेळी जास्तीत जास्त किती जोडण्या घ्यायच्या? ८०००. हा आकडा अवाच्या सवा आहे, पण काहीच बिघडत नाही. साइट चालते, म्हणून आकडाही तसाच राहतो.

दर चोवीस तासांनी

एक क्रॉन जॉब ठरल्या वेळी जागा होतो. पीजी-डंप या आज्ञेने डेटाबेसची पूर्ण नक्कल काढायची आणि ती ॲमेझॉनच्या एस-थ्रीवर चढवायची, एवढं त्याचं काम.

इथे जरा थांबायला हवं, कारण खरा अपघात माझ्या मते इथेच झाला. बाकीचं त्या रात्री फक्त उघडकीला आलं.

गिटलॅबच्या पॅकेजमध्ये पोस्टग्रेसच्या दोन आवृत्त्या होत्या, ९.२ आणि ९.६. कोणती वापरायची हे पॅकेज स्वतःच ठरवायचं. डेटाच्या डिरेक्टरीत आवृत्ती लिहिलेली एक छोटी फाइल असते, ती वाचायची आणि त्याप्रमाणे पीजी-डंप निवडायचं. सगळं एकाच मशीनवर असेल तर यात काही खोट नाही, कारण डेटा तिथेच असतो आणि फाइलही तिथेच असते. पण गिटलॅब डॉट कॉम मोठं झालं होतं. तिथे ॲप्लिकेशनचे सर्व्हर वेगळे आणि डेटाबेसचे वेगळे. बॅकअपचा क्रॉन जॉब ॲप्लिकेशन सर्व्हरवर चालायचा, आणि त्या मशीनवर डेटाबेसच नसल्यामुळे ती फाइलही नव्हती. फाइल सापडली नाही की पॅकेज मुकाट्याने जुनी आवृत्ती, म्हणजे ९.२, उचलायचं. समोरचा डेटाबेस ९.६ चा. आवृत्त्या जुळत नाहीत म्हटल्यावर पीजी-डंपने त्रुटी देऊन काम थांबवायचं, आणि ते तसंच करत होतं. प्रोग्राम अगदी बरोबर वागत होता.

मग कुणाला कळलं कसं नाही? कळवण्याची सोय होती. क्रॉन जॉब फसला की ईमेल जायची. पण कंपनीच्या ईमेलवर डीमार्क ही पडताळणी लावलेली होती, म्हणजे खूण नसलेलं पत्र दारातूनच परत. क्रॉनच्या पत्रांवर ती खूण लावायचं राहून गेलं होतं. त्यामुळे बॅकअप फसायचा, पत्र निघायचं, पत्र नाकारलं जायचं आणि सकाळी सगळं आलबेल दिसायचं. घरात शिरलेल्या चोराची वर्दी द्यायला आलेल्या शेजाऱ्याला, ओळखपत्र नाही म्हणून, आपल्याच वॉचमनने फाटकावरून परत पाठवावं, तसलाच हा प्रकार.

३१ जानेवारी, मंगळवार, १७:२०

एक इंजिनिअर स्टेजिंगवर काम सुरू करतो. (लोकल म्हणजे आपला लॅपटॉप, प्रॉडक्शन म्हणजे गिऱ्हाइकांसमोरची खरी साइट, आणि स्टेजिंग म्हणजे दोन्हींच्या मधली रंगीत तालीम.) डेटाबेसवरचा भार हल्ली वाढला होता. तो अनेक पोस्टग्रेस सर्व्हरांत वाटून देता येतो का, हे त्याला पीजीपूल नावाच्या साधनाने तपासायचं होतं.

स्टेजिंगवरचा डेटा रोज रात्री एक वाजता प्रॉडक्शनच्या एलव्हीएम स्नॅपशॉटवरून, म्हणजे डिस्कच्या त्या घडीच्या नकलेवरून, आपोआप ताजा व्हायचा. त्याला मात्र सोळा तासांपूर्वीचा डेटा नको होता. भाराची चाचणी घ्यायची तर आकडे आजचे हवेत. म्हणून त्याने हाताने एक स्नॅपशॉट घेतला आणि स्टेजिंगवर चढवला.

बॅकअप म्हणून हे कुणीच केलं नव्हतं. चाचणीपुरती, काम झालं की पुसून टाकायची नक्कल होती ती.

१९:००

डेटाबेसवरचा भार अचानक चढतो. स्पॅमवाल्यांचा संशय येतो. आदल्या आठवड्यातही असे झटके आले होते, पण इतके जोरदार नव्हते. लोकांना इश्यूंवर प्रतिक्रिया लिहिता येईनाशा होतात. मंडळी आयपी पत्ते अडवायला लागतात. एक महाभाग तर एक रिपॉझिटरी फुकटचं फाइल-वाटप केंद्र म्हणून वापरत असल्याचं सापडतं. त्याच्या एका खात्यावर ४७,००० वेगवेगळ्या आयपींवरून लॉगिन होत होतं. ते खातं काढून टाकलं जातं.

भाराचं आणखी एक कारण मात्र त्या वेळी कुणालाच दिसत नव्हतं. गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध कुणा उपटसुंभाने गैरवापराची तक्रार ठोकली होती. तक्रार बघणाऱ्याने चुकून ते खातं काढून टाकायला मंजुरी दिली. आता मागे चालणारं एक काम त्या कर्मचाऱ्याचं खातं आणि त्याचा सगळा डेटा इमानेइतबारे पुसत बसलं होतं. बाहेरच्या स्पॅमशी झुंज चालू असताना आतून ही खोदाई.

पुढचे काही तास यातच जातात. आपला इंजिनिअर, उशीर झाला, आता निघतो, असं सांगून मोकळा झालेला असतो. पण निघत नाही.

२३:००

आता रेप्लिकेशन बसतं.

गिटलॅबचे डेटाबेस सर्व्हर दोन होते. डीबी-१ मुख्य, डीबी-२ राखीव. मुख्य सर्व्हर आपल्यावरचा प्रत्येक बदल आधी एका लॉगमध्ये लिहितो. राखीव सर्व्हर तो लॉग मागोमाग वाचतो आणि तेच बदल स्वतःवर करत जातो. जुने लॉग मुख्य सर्व्हर ठरावीक काळाने टाकून देतो. भार इतका वाढला की डीबी-२ मागे पडला, आणि त्याला हवे असलेले लॉग डीबी-१ ने तोवर टाकूनही दिले होते. लॉग वेगळीकडे जपून ठेवायची पद्धत पोस्टग्रेसमध्ये आहे, पण इथे ती लावलेली नव्हती. मग उपाय एकच उरतो. डीबी-२ वरची डेटाची डिरेक्टरी रिकामी करायची आणि पीजी-बेसबॅकअप या आज्ञेने डीबी-१ वरून सगळं नव्याने ओढून घ्यायचं.

म्हणजे या क्षणापासून धड डेटा एकाच यंत्रावर आहे, आणि दुसऱ्यावरचा पुसून टाकणं हा दुरुस्तीचा अधिकृत भाग आहे.

डिरेक्टरी रिकामी केली, आज्ञा दिली, आणि पुढे काहीच होईना. आज्ञेला बोलतं करण्याचा पर्याय चालू होता, तरी ती ढिम्म. काही प्रयत्नांनंतर एकदाची कुरबुर ऐकू आली: डीबी-१ कडे रेप्लिकेशनच्या पुरेशा जोडण्या नाहीत. मूळ मर्यादा ३ ची होती, ती ३२ केली. बदल लागू करायला पोस्टग्रेस बंद करून चालू करावं लागतं. बंद झालं, पण चालू व्हायला नकार देऊन बसलं. सेमाफोर फार झाले म्हणे. वर्षभरापूर्वीचा तो ८००० चा आकडा इथे आडवा आला. तो २००० वर आणल्यावर पोस्टग्रेस निमूट चालू झालं.

पीजी-बेसबॅकअप तरीही गप्प. एसट्रेस लावून आत डोकावलं तर ते कशाची तरी वाट बघत बसलेलं दिसलं. कशाची, ते कळेना.

नंतर दुसऱ्या एका इंजिनिअरने सांगितलं की यात बिघाड काहीच नव्हता. मुख्य सर्व्हर डेटा पाठवायला लागेपर्यंत ही आज्ञा अशीच चिडीचूप बसते. जरा धीर धरला असता तर काम आपसूक सुरू झालं असतं. पण हे सांगणारा त्या वेळी हजर नव्हता, कंपनीच्या कामाच्या वहीत ते लिहिलेलं नव्हतं आणि पोस्टग्रेसच्या कागदपत्रांतही ते स्पष्ट नव्हतं. मला विचाराल तर संगणकाच्या पडद्यावर सगळ्यात धोकादायक काय असेल तर हे गप्प बसणं. लाल अक्षरांतली त्रुटी माणसाला थांबवते. काहीच न बोलणारी आज्ञा त्याला आणखी काहीतरी करून बघायला लावते.

२३:२७

त्याच्या मनात येतं, आधीच्या फसलेल्या प्रयत्नांत डीबी-२ वर काही अर्धवट फाइली पडल्या असतील आणि म्हणून ही आज्ञा अडून बसली असेल. शंका रास्त होती. डिरेक्टरी पुन्हा एकदा साफ करू, म्हणून तो 'आरएम -आरएफ', म्हणजे न विचारता सगळं पुसणारी आज्ञा, देतो.

टर्मिनलच्या खिडक्या एकापेक्षा जास्त उघड्या आहेत. प्रॉम्प्टवर यंत्राचं नाव आखूड दिसतं, आणि दोन नावांत फरक काय तो एका आकड्याचा.

एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात येतं की आपण डीबी-१ वर आहोत. तो आज्ञा थांबवतो.

सुमारे ३१० जीबीपैकी साडेचार जीबी शिल्लक आहेत.

एवढा डेटा एक-दोन सेकंदांत जातो कसा, असं वाटेल. नक्कल करायला तास लागतात, मग पुसायला का लागू नयेत? कारण पुसताना डिस्कवरचं काही खरवडलं जात नाही. फाइलचं नाव यादीतून खोडायचं आणि तिची जागा मोकळी म्हणून नोंदवायची, इतकंच होतं. शिवाय पोस्टग्रेस मोठमोठी टेबलं एकेक जीबीच्या तुकड्यांत ठेवतं. म्हणजे खोडायच्या बड्या नोंदी काही शेच. संगणकाला ते काहीच नाही.

आपल्याकडे तेव्हा बुधवारची पहाट होती, चार वाजून सत्तावन्न मिनिटं.

मध्यरात्रीच्या आसपास

साइट बंद. बॅकअपची शोधाशोध सुरू होते.

एस-थ्रीवरची बादली उघडली. रिकामी. स्थानिक डंप पाहिले, तर फाइली मोजक्या काही बाइट्सच्या. आवृत्त्यांचं ते त्रांगडं इथे पहिल्यांदा समजलं. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवरच्या डिस्क स्नॅपशॉटकडे वळावं, तर ते फाइल सर्व्हरांसाठी चालू होते, डेटाबेस सर्व्हरांसाठी नव्हते. बाकीचे बॅकअप आहेत ना, मग इथे कशाला, असा हिशेब. राखीव सर्व्हर तर यांनीच तासापूर्वी रिकामा केलेला. एकाच्या भरवशावर दुसरा, दुसऱ्याच्या भरवशावर तिसरा, आणि कुणाच्याच पायाखाली जमीन नाही. पाच तऱ्हेच्या तजविजी होत्या, पण त्यांतली एकही भरवशाने चालत नव्हती किंवा मुळात लावलेलीच नव्हती, हे त्याच रात्री कंपनीने जाहीर नोंदींत स्वतः लिहिलं.

उरला तो स्टेजिंगवरचा स्नॅपशॉट, संध्याकाळी हाताने घेतलेला. तो नसता तर सगळ्यात ताजी नक्कल रात्री एकची असती, जवळजवळ एक पूर्ण दिवस मागची. ज्या हाताने २३:२७ ला डेटा गेला, त्याच हाताने १७:२० ला सहा तासांखेरीज बाकी सगळं वाचवून ठेवलं होतं.

१ फेब्रुवारी, बुधवार

स्टेजिंगवरून प्रॉडक्शनकडे नक्कल सुरू होते, आणि ती रखडते. स्टेजिंग म्हणजे तालमीची जागा, तिथे पैसे कशाला घाला, म्हणून ती यंत्रं अझूरच्या जुन्या, स्वस्त साठवणीवर होती. वेग सेकंदाला ६० मेगाबिटच्या आसपास अडकला. या वेगाने ३०० जीबीला नुसत्या कागदावरच्या हिशेबानेही अकरा तास लागतात. प्रत्यक्षात साइट परत यायला अठरा तास गेले.

या काळात कंपनीने जे केलं ते फार कंपन्या करत नाहीत. कामाच्या कच्च्या नोंदी सगळ्यांना वाचायला खुल्या केल्या आणि दुरुस्तीचं थेट प्रक्षेपण यूट्यूबवर लावलं. एका वेळी सुमारे पाच हजार लोक ते बघत होते. बघण्यासारखं काय होतं? नक्कल टक्क्याटक्क्याने पुढे सरकत होती आणि काही थकलेली माणसं आपापल्या घरून एकमेकांशी बोलत होती. त्या इंजिनिअरला काढणार का, असं प्रेक्षकांनी विचारलंच. नाही, असं उत्तर मिळालं.

भारतात हा सगळा वेळ कामाच्या दिवसावर पडला. दिल्लीत अरुण जेटली अर्थसंकल्प मांडत होते, पहिल्यांदाच १ फेब्रुवारीला आणि पहिल्यांदाच रेल्वेचा पोटात घेऊन. ज्यांचं काम गिटलॅब डॉट कॉमवर होतं त्यांचा मात्र इश्यूंचा आणि कोड तपासणीचा दिवस पार बुडाला. कोड लिहिणं थांबायचं कारण नव्हतं. गिटची मांडणीच अशी की प्रत्येकाच्या लॅपटॉपवर रिपॉझिटरीचा पूर्ण इतिहास असतो. प्रॉडक्शन गार झालं होतं, तरी लोकल सगळीकडे धडधाकट होतं. शिवाय कंपनीच्या फाइल सर्व्हरवरच्या रिपॉझिटरींनाही धक्का लागलेला नव्हता.

१७:००

डेटाबेस उभा राहतो, पण वेबहुक्सविना. प्रॉडक्शनचा डेटा स्टेजिंगवर आणताना वेबहुक्स मुद्दाम काढून टाकले जात. नाहीतर तालमीतल्या यंत्राने खऱ्या गिऱ्हाइकांच्या सर्व्हरांना खरेखुरे निरोप धाडले असते. खबरदारी शहाणपणाची होती. फक्त हीच नक्कल एक दिवस प्रॉडक्शन म्हणून परत आणावी लागेल, असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

नोंदींचे क्रमांक चालू ठेवण्याचाही प्रश्न होता. १७:२० नंतर तयार झालेले प्रकल्प आणि प्रतिक्रिया डेटाबेसमधून गेल्या होत्या, पण त्यांचे क्रमांक बाहेर जगात फिरत होते, कुणाच्या पत्रात, कुणाच्या दुव्यात. तोच क्रमांक दुसऱ्या कुणाच्या नोंदीला मिळाला असता तर गोंधळाला पारावार राहिला नसता. म्हणून सगळे गणक एकदम एक लाखाने पुढे ढकलले.

१८:००

वेबहुक्स परत येतात, तपासणी संपते, साइट सुरू. आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा.

गेलेला डेटा १७:२० ते मध्यरात्र या वेळेतला. अंदाजे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० प्रतिक्रिया आणि नवी ७०० खाती.

त्यानंतर

दुरुस्त्यांची यादी लांबलचक होती. प्रॉम्प्टवर यंत्राचं पूर्ण नाव दिसावं आणि रंग वेगळे असावेत, प्रॉडक्शनला लाल आणि स्टेजिंगला पिवळा, ही सूचना त्या रात्रीच्या नोंदींतच आहे. डेटाच्या डिरेक्टरीवर 'आरएम -आरएफ' चालूच नये असं काही करता येईल का, अशीही एक ओळ आहे, आणि त्यापुढे शंका: बॅकअप धड असतील तर त्याची गरज आहे का? बॅकअप आपोआप परत चढवून तपासायचे आणि बॅकअपची जबाबदारी एका ठरावीक माणसाकडे द्यायची, ही कामंही निघाली. इतके दिवस बॅकअप नीट चालतो की नाही हे बघायला नेमून दिलेलं कुणीच नव्हतं, असं अहवाल साफ सांगतो.

रंगीत प्रॉम्प्ट सगळ्यांना आवडला. साहजिक आहे, पाच मिनिटांचं काम आणि लगेच डोळ्यांना दिसतं. त्या मानाने न स्वीकारलेल्या पत्रांकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. मला विचाराल तर यादीत पहिलं काम तेच हवं होतं.